सोसायटीतला विणकामाचा गट दोन महिन्यांत का मोडला?

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. व्हिडिओ बघून चार वर्षांत त्या दोन सुयांवरचं विणकाम आणि क्रोशे शिकल्या. एकटीने विणायचा कंटाळा आला म्हणून सोसायटीत गट सुरू केला. पहिल्या शनिवारी क्लबहाउसमध्ये १४ जणी आल्या, दुसऱ्या महिन्याच्या शेवटी दोघी उरल्या. व्हॉट्सअॅपवर मात्र ३८ जणी अजून आहेत आणि रोज तयार वस्तूंचे फोटो, बदाम आणि फुलं पडतात. त्या विचारतात, फी लावू का म्हणजे लोक गांभीर्याने येतील? नीट अभ्यासक्रम आखू का? भरतकामवाल्यांना घ्यावं का? की लोकांना आता आवडच उरली नाही? आणि शेवटी कंसात एक ओळ: ‘माझाच नवऱ्याचा राखाडी स्वेटर तीन वर्षं एका बाहीवर अडकलाय, मी कोणाला काय सांगणार.’

ताई, तुमच्या अख्ख्या प्रश्नात मला सगळ्यात कामाचा वाटला तो कंस. त्याच्याकडे शेवटी येते.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी नाशिकची. नोकरीत असताना आणि आता निवृत्तीनंतरही दर गुरुवारी दुपारी चार ते सहा आमची विणायची बैठक असते. १७ वर्षं झाली. आधी आमच्या गॅलरीत बसायचो, आता एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत. कधी पाच जण, कधी बारा. त्यात एक काकाही आहेत. मी प्रमाणपत्रवाली शिक्षिका नाही. आईकडून सुया शिकले, सासूबाईंकडून क्रोशे, आणि बाकी सगळं उसवून उसवून.

आवड उरली नाही हे मला अजिबात पटत नाही. आवड नसती तर १४ जणी शनिवारची दुपार सोडून आल्याच नसत्या. माझा अंदाज सांगते, चुकला तर चुकला. त्या दिवशी तुम्ही टेबलावर तुमच्या सगळ्यात देखण्या चार वस्तू मांडल्या असणार. मीही तेच केलं होतं. अननसाच्या विणीचा पांढरा टेबलक्लॉथ, वेणीच्या नक्षीचा लहान मुलाचा स्वेटर, टीकोझी, आणि लेकीच्या रुखवतात ठेवलेलं तोरण. अकरा जणी आल्या. ‘अय्या, किती सुरेख’ झालं, साबुदाण्याची खिचडी झाली, ‘आम्हाला नाही बाई जमायचं’ हेही म्हणून झालं. पुढच्या गुरुवारी तिघी.

त्या तिघींतल्या एक बेळगावकडच्या होत्या, कसुती म्हणजे तिकडचं धागे मोजून करायचं भरतकाम करणाऱ्या. लोकरीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. त्यांनी पिशवीतून एक अर्धवट खण काढला आणि टेबलावर उपडा ठेवला. मला वाटलं चुकून. मी सरळ करायला गेले तर म्हणाल्या, ‘राहू द्या, आमच्यात आधी उलटी बाजू बघतात.’ कसुतीत गाठ मारत नाहीत. कापडाचे धागे मोजत धावदोऱ्याने जायचं आणि त्याच वाटेने परत येताना सुटलेल्या जागा भरायच्या. गवंती म्हणतात त्या टाक्याला. नीट केलं तर दोन्ही बाजू सारख्या दिसतात. त्यांनी एके ठिकाणी बोट ठेवलं, ‘इथे माझी वाट चुकली, परत यायला रस्ताच उरला नाही, म्हणून हा आडवा धागा आलाय.’

आम्ही तिघी गप्प. मग एकीने हळूच आपलं स्वेटरचं मागचं पाठ उलटं केलं. रंग बदलताना सोडलेल्या लोकरीच्या झिपऱ्या बोट बोट लोंबत होत्या. हसू फुटलं. ‘अहो, ही टोकं किती लांब ठेवायची असतात?’ ‘मी चार बोटं ठेवते.’ ‘आणि गाठ?’ ‘गाठ नाहीच मारायची, टोचते, सुईने आत ओवून टाकायचं.’ त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही विणकामाबद्दल बोललो. त्याआधीच्या गुरुवारी आम्ही एकमेकींचं फक्त कौतुक केलं होतं, आणि कौतुक करायला माणूस पुन्हा पुन्हा घराबाहेर पडत नाही. त्याला फोनवरचा बदाम पुरतो. तुमच्या ३८ जणी तेच तर करताहेत.

तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम आहे, काम टेबलावर ठेवायचं ते उलट बाजू वर करून. तयार वस्तू आणायला बंदी नाही, पण ती शेवटच्या दहा मिनिटांत. आणि नवीन बाई आली की पहिली चूक दाखवायची ती मी. गेल्याच महिन्यात मी कानटोपीच्या एक सुलट एक उलट टाक्यांच्या पट्टीत मध्येच दोन ओळींना खांदेपालट केला होता, म्हणजे सुलटवर उलट, उलटवर सुलट. चार इंच पुढे गेल्यावर लक्षात आलं. ते तसंच घेऊन गेले. नव्या मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच सैल पडला.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते मान्य करते. नाशिकला थंडी पडते. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की आमच्याकडे लोकरीच्या दुकानात गर्दी होते आणि गटात माणसंही वाढतात. ठाण्यात स्वेटर घालायचे दिवस बोटांवर मोजण्याइतके. तुम्ही फक्त लोकर धरून बसलात तर मार्च ते नोव्हेंबर काय करणार? तुमच्याकडे सुती धाग्याचं काम जास्त ठेवावं लागेल: क्रोशाचे रुमाल, पिशव्या, बाळाची दुपटी, पातळ स्टोल. जूनमध्ये दुसऱ्या शनिवारी जगभर सार्वजनिक ठिकाणी बसून विणायचा दिवस पाळतात, २००५ पासून. आम्हीही बागेत जाऊन बसतो, पण त्या उकाड्यात अॅक्रिलिक हातात धरवत नाही, बोटाला चिकटतं. आम्ही तो दिवस सुती दोऱ्यावरच काढतो, आणि पाऊस आला तर भेळेच्या गाडीच्या ताडपत्रीखाली.

दुसरी गोष्ट, वेळ. तुमच्या १४ जणींपैकी नोकरी करणाऱ्या किती? शनिवारची दुपार ही नोकरदार बाईची धुणं, दळण आणि मुलांचा अभ्यास यांची वेळ असते. मी नोकरीची पहिली सहा वर्षं कल्याणहून मुंबईला जात होते. माझ्या आयुष्यातला सगळ्यात टिकाऊ गट तो लेडीज डब्यातला. तिथे कोणी गट काढला नव्हता. रोजची गाडी, रोजची जागा, हातात काम. भाजी निवडणारी, मेथी खुडणारी, विणणारी, सगळ्या एका बाकावर. कल्याणला घातलेले टाके मोजायला शेजारची बाई मदत करायची आणि भायखळ्यापर्यंत पट्टी झालेली असायची. त्या डब्यानेच मला गोल सुई, म्हणजे मधे लवचिक तारेने जोडलेल्या दोन आखूड सुया, वापरायला शिकवलं. लांब सरळ सुईचं टोक शेजारणीच्या कुशीत लागायचं आणि गाडीतल्या शिव्या विणीपेक्षा लवकर पाठ व्हायच्या. सांगायचा मुद्दा, तुमच्या सोसायटीतल्या दोघी-तिघी एकाच गाडीने जात असतील तर क्लबहाउस सोडा, डबा धरा. ते शक्य नसेल तर आठवड्यातला एक ठरलेला वार घ्या आणि कोणी येवो न येवो, तुम्ही तिथे जाऊन बसा. आमच्याकडे पहिल्या वर्षी निदान सहा गुरुवार असे गेले की मी आणि गॅलरीतली कुंडी. पण नंतर लोकांना माहीत झालं की गुरुवारी चारला ही बाई तिथे असते. फोन करून विचारावं लागत नाही, हेच मोठं सुख असतं.

फी. याचं माझं उत्तर स्पष्ट आहे, लावू नका. फी घेतली की तुम्ही शिक्षिका होता, त्या विद्यार्थिनी. विद्यार्थिनी पैसे वसूल व्हावेत म्हणून येते, कानटोपी पूर्ण झाली की जाते. त्यात वाईट काही नाही, क्लास चालवणं हा चांगला व्यवसाय आहे, पण मग त्याला क्लासच म्हणा आणि तशी अपेक्षा ठेवा. तुम्हाला शेजारी बसून विणणारी माणसं हवी आहेत. आमच्याकडे एक बिस्किटांचा रिकामा डबा आहे, आठवणीने वीस रुपये टाकायचे, त्यातून चहा होतो. हिशेब कोणी ठेवत नाही. डबा आजवर रिकामा राहिलेला नाही. भरलाही नाही.

पैशांचा आणखी एक धडा आम्ही चांगलाच महागात शिकलो, तो सांगून ठेवते. सहाव्या वर्षी एका दुकानदाराने बाळाचे ४० सेट मागितले: झबलं, टोपडं, मोजे. आम्ही हुरळलो. वाटून घेतले. मग सुरू झालं. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल, त्यामुळे एकाच मापाची टोपडी तीन आकारांची. कोणी आठवड्यात चार केली, कोणी दोन आणि तीही आयत्या वेळी. परत आलेल्या नगांचे पैसे कोणी सोसायचे यावरून दोन मैत्रिणी वर्षभर बोलल्या नाहीत. गुरुवारच्या दोन तासांत कोणी मान वर करेना, सगळ्या ओळी ओढताहेत. शेवटी पैसेही पूर्ण मिळाले नाहीत, पण त्याचं दुःख कमी. तेव्हापासून ऑर्डर ज्याची त्याने घरी करायची, गटाच्या टेबलावर ती येत नाही.

अभ्यासक्रमाबद्दल. शिकवणं लागणारच, कारण नवीन माणूस आल्याशिवाय गट तरुण राहत नाही. पण फळ्यासमोर उभं राहून शिकवण्यासारखं हे काम नाही. आमची पद्धत एका प्रसंगावरून सांगते.

एक मुलगी मफलर घेऊन आली, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. सहा ओळी खाली एक टाका सुटला होता आणि तिथून वर सुईपर्यंत शिडी झाली होती. ‘सगळं उसवायचं ना?’ अशा वेळी अनुभवी बाईचा हात आपोआप पुढे जातो, ‘आण इकडे.’ दोन मिनिटांत दुरुस्त करून परत देते. मुलगी थँक्यू म्हणते आणि पुढच्या वेळी टाका सुटला की पुन्हा तुमच्याकडेच येते, किंवा लाजून येतच नाही. म्हणून आमच्यात दुसऱ्याच्या सुया हातात घेत नाहीत. मी माझ्या स्वेटरवरचा एक टाका मुद्दाम सुईवरून सोडला, खाली ओढून सहा ओळी घालवला. तिच्या तोंडून ‘अहो काकू!’ निघालंच. मग दोघींनी बरोबर केलं. सुलट बाजू आपल्याकडे. क्रोशाची सुई खालच्या सुटलेल्या फासात समोरून घालायची. त्याच्या लगेच वरची आडवी पायरी आकड्यात पकडायची आणि फासातून बाहेर ओढायची. झाला एक टाका. मग वरची पायरी. पायऱ्यांचा क्रम चुकवायचा नाही, एक सुटली तर मागे आडवा धागा लोंबतो. सहाव्या पायरीनंतर फास डाव्या सुईवर चढवायचा, न पिळता. तिच्या शिडीची ती जागा जरा सैल दिसत होती, ती म्हणाली धुतल्यावर बसेल ना? बसते. बहुतेक वेळा बसते. आज ती मुलगी गटातली टाके उचलणारी डॉक्टर आहे.

डावखुरी कोणी आली तर शेजारी बसवू नका, समोर बसवा. आरशातल्यासारखं तिला दिसतं आणि अर्धा गोंधळ तिथेच संपतो. ही एवढी साधी युक्ती मला नवव्या वर्षी सुचली, तोवर दोन डावखुऱ्या बायकांना मी ‘तुम्हाला जमत नाही’ असं वाटायला लावलं होतं. त्याचं अजून वाईट वाटतं.

व्हिडिओवरून शिकणाऱ्यांना एक अडचण हमखास येते, ती तुमच्याही गटात येणार. सुयांचे नंबर. आपल्या दुकानात मिळतात ते जुने ब्रिटिश नंबर, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकन नंबर उलटे, तिथे ८ म्हणजे ५ मिलिमीटर. आमच्या एका मैत्रिणीला भाचीने अमेरिकेहून सुंदर बांबूच्या सुया पाठवल्या, ८ नंबरच्या. तिने नेहमीच्या हिशेबाने नातवासाठी टोपडं विणायला घेतलं, ८८ टाके. ४ मिलिमीटरच्या सुईवर तिचे १० सेंटिमीटरला २२ टाके बसायचे, म्हणजे टोपड्याचा घेर ४० सेंटिमीटर, तीन महिन्यांच्या बाळाला नीट. ५ मिलिमीटरच्या सुईवर तीच लोकर १८ टाक्यांना १० सेंटिमीटर भरली आणि टोपडं झालं ४९ सेंटिमीटरचं. नातवाने ते चौथ्या वाढदिवसाला घातलं.

यावर तोडगा काढला तो आमच्या काकांनी. ते कारखान्यातले निवृत्त टर्नर. बायको गेल्यावर तिची अर्धी राहिलेली शाल घेऊन आले होते, ‘ही पूर्ण करायची आहे, मला सुलट-उलट काही कळत नाही.’ त्यांनी अॅल्युमिनियमच्या पट्टीला पावणेतीनपासून पाच मिलिमीटरपर्यंत भोकं पाडून आणली, प्रत्येकाखाली दोन्ही देशांचे नंबर कोरून. सुई भोकात घालून बघायची, नंबर वाचायचाच नाही. ती पट्टी दोऱ्याने टेबलाला बांधलेली आहे. (शाल पूर्ण व्हायला दीड वर्ष लागलं. ज्या ओळीपासून त्यांचा हात सुरू होतो ती ओळ ओळखू येते. ती त्यांना तशीच हवी आहे.) पुरुषांना घ्यावं का असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सोसायटीत कोणीतरी विचारेलच, म्हणून सांगितलं.

क्रोशाचंही तसंच. अमेरिकन नमुन्यात ‘डबल क्रोशे’ लिहिलेलं असेल तर तो आपला साधा खांब. ब्रिटिश नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ त्याहून बुटका टाका असतो, आपल्या खांबाला ते ‘ट्रेबल’ म्हणतात. एकच रुमाल दोघी दोन नमुन्यांवरून करायला बसल्या आणि एकीचा बशीएवढा, एकीचा ताटाएवढा झाला तर भांडू नका, नमुना कुठला ते बघा. आम्ही वहीत आपल्याच खुणा लिहितो, ‘सु’, ‘उ’, ‘दोनांचा १’, ‘वळसा’. विकत घेतलेले नमुने मात्र गटात फिरवत नाही. एकीने घेतला तर तिने शेजारी बसून करून दाखवावा, पण फाइल पुढे ढकलायची नाही. कोणीतरी महिनोन् महिने खपून ते मोजलेलं असतं.

आतापर्यंतचं थोडक्यात: ठरलेली वेळ, उलटी बाजू वर, फी नाही, ऑर्डर नाही, दुसऱ्याच्या सुयांना हात नाही. एवढ्यावर चार-पाच जणी टिकतात. पण साधारण सहा महिन्यांनी एक मरगळ येते, सगळ्यांचंच होतं. तेव्हा सगळ्यांनी मिळून एक काम घ्यावं लागतं.

इथेही आधी चूक सांगते. आमचं पहिलं सामायिक काम म्हणजे एका रुग्णालयातल्या नवजात बाळांसाठी ६० लोकरीची टोपडी. उत्साहात कोणाला विचारलंच नाही. घेऊन गेलो तर तिथल्या सिस्टर फार गोड बोलल्या, पण म्हणाल्या, आमच्याकडे गरम पाण्यात धुतलं जातं, हे दोन धुण्यांत आटेल. आणि रिबन नको, बटणं नकोत, जाळीची वीण तर नकोच. जाळीच्या मोज्यात किंवा आत लोंबणाऱ्या धाग्यात बाळाचं बोट अडकून रक्त अडू शकतं. हे आमच्यापैकी कोणालाही, घरोघरी बाळंतविडे विणलेल्या बायकांना, सुचलं नव्हतं. आता आम्ही आधी विचारतो, सुती धागा वापरतो, घट्ट साधी वीण ठेवतो आणि आतली टोकं पूर्ण ओवतो. म्हणजे पुन्हा उलटी बाजूच.

नव्या-जुन्या सगळ्यांना एकत्र घ्यायचं असेल तर चौकोनांचं पांघरूण घ्या, पण चौकोन सरळ विणू नका. अमुक टाके घाला असं सांगितलं की घट्ट हाताचा पाच इंच येतो, सैल हाताचा सात. तिरपा विणा. दोन टाके घालायचे, सगळ्या ओळी सुलट, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवायचा. त्रिकोण वाढत जातो. त्याची कड सहा इंच झाली की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोनांचा एक करत कमी करत यायचं. टाके मोजायचेच नाहीत, फुटपट्टी लावायची. कोणाचाही हात असो, चौकोन सहा इंचीच होतो. असे सहा बाय आठ, म्हणजे ४८ चौकोन जोडले की तीन फूट बाय चार फूट पांघरूण. धागा मात्र सगळ्यांचा एकाच जातीचा घ्या. एकीची खरी लोकर आणि बाकीच्यांचं अॅक्रिलिक असं झालं तर पहिल्याच गरम धुण्यात लोकरीचे चौकोन आटतात आणि पांघरुणाला पोक येतो.

व्हॉट्सअॅपवरच्या ३८ जणींना याच कामात ओढा. प्रत्यक्ष न भेटता असं काम होतं का, तर होतं. चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ ला ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने जगातलं तोवरचं सगळ्यात मोठं क्रोशाचं पांघरूण करून गिनीज विक्रम केला, ११,१४८.५ चौरस मीटर. बायकांनी आपापल्या गावी, आपापल्या घरी तुकडे विणले आणि ते तिथे जोडले गेले. तुम्हाला ४८ चौकोनच हवेत. प्रत्येकीकडून एक मागा आणि फोटो मागवा तो विणत असतानाचा, शक्यतो चुकलेला. जोडायला या म्हणून मग बोलावता येतं. नुसतं ‘भेटू या’ला न येणारी बाई ‘तुझा चौकोन जोडायचा राहिलाय’ म्हटलं की येते.

भरतकामवाल्यांना जरूर घ्या. माझा गट त्यांच्यातल्याच एका बाईमुळे वाचला. फक्त त्यांना खिडकीची जागा द्या. आम्ही विणणाऱ्या अंधारात, सिरियल बघत, बोटांनी टाके चाचपत विणू शकतो. काळ्या कापडावर गहू टाका घालणाऱ्या बाईला उजेड नसेल तर ती तासाभरात डोकं धरून घरी जाते, आणि तुम्हाला वाटतं तिला गट आवडला नाही.

आता तुमचा कंस. येत्या शनिवारी त्या उरलेल्या दोघींना बोलवा आणि टेबलावर तो राखाडी स्वेटर ठेवा, अर्थात उलटा. तीन वर्षं अडलाय याचं कारण आळस नसावं. दुसरी बाही पहिलीसारखी येईल का ही धास्ती असते, मी स्वतः तीन स्वेटर त्या धास्तीत ठेवून दिले होते. पहिली बाही टेपने मोजू नका, ताणली जाते आणि दर वेळी वेगळी भरते. ओळी मोजा. पट्टीच्या किती, पहिली वाढ कितव्या ओळीत, दोन वाढींच्या मध्ये किती, काखेपासून पुढे टाके कसे कमी केलेत. तीन वर्षांत तुमचा हातही बदलला असेल, म्हणून आधी एक छोटा तुकडा विणून पहिल्या बाहीशेजारी ठेवा आणि जुळत नसेल तर सुई अर्ध्या मिलिमीटरने बदला. (पुढच्या स्वेटरला दोन्ही बाह्या एकाच गोल सुईवर, दोन गुंडे घेऊन बरोबरच विणा.) ओळी मोजताना एकटीची नजर हलते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. म्हणून एकीने टाचणी पुढे सरकवत मोजायचं, दुसरीने कागदावर लिहायचं, आणि तुम्ही टाके घालायला घ्यायचे.